हातात एकच चांगला लेख आहे, त्याच्या संदर्भांवरून बाकीचं साहित्य कसं शोधायचं? (विषय: पाणीवाटप, खानापूर-आटपाडी भाग)

येरळाकाठची

नमस्कार सगळ्यांना. मी विट्याजवळची. शिवाजी विद्यापीठाकडं पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालंय, समाजशास्त्रातनं. विषय आहे खानापूर आटपाडी भागातली समन्यायी पाणीवाटपाची चळवळ आणि त्यातला बायकांचा सहभाग. कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिस मंजूर झाला, आता लिटरेचर रिव्ह्यूचं प्रकरण घेतलंय आणि तिथंच गाडी अडकलीय.

अडचण अशी की गूगलवर पाणीवाटप सांगली असं टाकलं की नुसत्या बातम्या येतात, टेंभूचं पाणी कुठं सुटलं, म्हैसाळचं आवर्तन कधी, कुणी कुठं रास्ता रोको केला. इंग्रजीत टाकलं तर जगभरातलं पाण्यावरचं सगळं समोर येतं आणि त्यात आमचा भाग कुठंच नाही. मधलं काही सापडंनाच झालंय. हातात एक चांगला इंग्रजी लेख आहे, येरळा नदीवर लोकांनी चळवळीतनं बांधलेल्या बळीराजा स्मृती धरणावरचा, १९९० च्या आसपासचा, आणि एक मराठी पुस्तिका आहे चळवळीनंच काढलेली. गाईड सर म्हणाले त्या लेखाचे संदर्भ धर, सायटेशन बघत जा, आपोआप वाट मिळेल. आता मागचे संदर्भ वाचायचे हे कळतं, पण लेखच एवढा जुना म्हटल्यावर त्यातले संदर्भ त्याच्याही आधीचे असणार, मग त्यानंतर तीस पस्तीस वर्षांत जे लिहिलं गेलं ते कसं मिळवायचं? आणि मराठीतल्या लिखाणाचं काय, ते तर या कुठल्याच यंत्रणेत दिसत नाही. कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर जरा सविस्तर सांगा, घाई नाहीये, नीट करायचंय.

ग्रंथालय_मिरज

ताई, तुमच्या सरांनी बरोबर सांगितलंय. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, संशोधन करणारी मुलं येतात त्यांना हेच दाखवत असते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी मागं जायचं, ते तुम्हाला येतंय म्हणालात तरी एक सांगते. बहुतेक जण लेखाच्या शेवटची यादी उघडतात आणि वरून खाली नावं उतरवून घेतात. तसं करू नका. लेख वाचताना जिथं संदर्भ दिलाय ते वाक्य बघा. एखादं पुस्तक नुसतं "याबद्दल आणखी पाहा" म्हणून आलेलं असतं, एखाद्याचं म्हणणं खोडून काढायला घेतलेलं असतं, आणि एखाद्यावर सगळा लेख उभा असतो. ही तिसऱ्या प्रकारची चार पाच नावं आधी मिळवायची, बाकीची नंतर. तळटिपा तर अजिबात सोडू नका, आपल्या भागावरच्या लिखाणात खरा माल तळटिपेत असतो, तिथं मोर्चाची पत्रकं, परिषदांचे ठराव, तहसीलदाराला दिलेलं निवेदन, कुणाची मुलाखत कुठं घेतली हे सगळं लिहिलेलं असतं आणि शेवटच्या यादीत ते येतच नाही.

आता पुढं जायचं, म्हणजे तुमच्या लेखाचा आधार नंतर कुणी कुणी घेतला ते बघायचं. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून अशी सोय होती, एखाद्या निकालाचा आधार पुढच्या कुठल्या निकालांत घेतला गेला याची नोंद ठेवायची. ते बघून यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली सायन्स या नियतकालिकात मांडलं की शास्त्रीय लेखांसाठीही असंच करता येईल, आणि १९६० च्या दशकात त्यांच्या फिलाडेल्फियाच्या संस्थेनं सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला. आजचं वेब ऑफ सायन्स त्यातनंच आलेलं. गारफील्ड यांचा मुद्दा आपल्या खूप कामाचा आहे, की विषयसूची शब्दांवर चालते आणि शब्द माणसागणिक बदलतात, पण एका अभ्यासकानं दुसऱ्याचा आधार घेतला की तो धागा शब्दांवर अवलंबून राहत नाही. तुमच्याच विषयात बघा, कुणी समन्यायी वाटप लिहिणार, कुणी जलहक्क, कुणी शेतकरी चळवळ, कुणी लोकसहभागातलं सिंचन. सगळे शब्द टाकून बघणं अशक्य आहे. पण त्यातले बरेच जण बळीराजा धरणाचं उदाहरण देणार आणि ते देताना तुमच्या हातातल्या लेखाचं नाव घेणार.

करायचं असं. गूगल स्कॉलर उघडा, साधं गूगल नाही, लेखाचं नाव अवतरणचिन्हात टाका. लेख सापडला की त्याच्याखाली बारीक अक्षरात सायटेड बाय आणि पुढं आकडा दिसेल, त्यावर क्लिक केलं की त्या लेखाचा आधार घेणारे सगळे लेख पुस्तकं प्रबंध समोर येतात. इथंच एक गोष्ट लोकांना माहीत नसते, वर सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स असा छोटा चौकोन असतो, त्यावर टिक करा आणि मग वर विमेन किंवा जेंडर टाकून शोधा. आता शोध फक्त त्या आधार घेणाऱ्या लेखांच्या आतच होतो, आणि बऱ्याच लेखांचा पूर्ण मजकूर स्कॉलरकडं असतो त्यामुळं शीर्षकात बायकांचा उल्लेख नसलेला लेखसुद्धा सापडतो. तुमचा विषय दोन गोष्टींच्या सांध्यावरचा आहे, चळवळ आणि बायका, तर तुम्हाला हा चौकोन सगळ्यात जास्त उपयोगी पडणार.

तिथंच डावीकडं क्रिएट अलर्ट आहे, ते करून ठेवा. पुढं कुणी तुमच्या लेखाचा आधार घेतला की मेल येईल. पीएचडी चार पाच वर्षं चालते, तेवढ्यात नवीन काय आलं ते घरबसल्या कळत राहतं.

कृष्णाकाठ_कराड

मॅडमनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त भर घालतो. मी अर्थशास्त्राचा, उपसा सिंचन योजनांच्या खर्चावर काम करायलोय, म्हणजे तुमच्या शेजारचाच विषय.

मागं आणि पुढं या दोन दिशा झाल्या, पण आडव्या पण दोन वाटा आहेत. समजा दोन लेखांनी एकमेकांचं नावसुद्धा घेतलेलं नाही पण दोघांच्या संदर्भसूचीत तीच दहा पुस्तकं आहेत, मग ते दोघं एकाच प्रश्नावर बोलत असणार. आपल्याकडं सोयरीक जुळवताना निघतं ना, अहो तुमचे मामा आणि आमचे मामा एकच की, तसं. केसलर यांनी १९६३ ला हे मांडलं. त्याच्या उलटी वाट म्हणजे दोन लेख नंतरच्या लोकांकडून कायम जोडीनं वापरले जातात, ते १९७३ ला हेन्री स्मॉल यांनी मांडलं. पहिल्यात लेख छापून आला त्या दिवशीच नातं ठरतं कारण सूची बदलत नाही, दुसऱ्यात वेळ जावा लागतो, पण त्यातनं हे कळतं की पुढच्या अभ्यासकांच्या डोक्यात कुठल्या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत.

हे हातानं करायला नको, कनेक्टेड पेपर्स नावाची वेबसाइट आहे, लेखाचं नाव टाकलं की या दोन्ही नात्यांवरून जाळं काढून देते. तसंच रिसर्च रॅबिट आहे, लिटमॅप्स आहे. ओपनअ‍ॅलेक्स म्हणून एक मोठा मोफत डेटाबेस २०२२ पासून आहे, त्यावरही शोधता येतं. पण खरं सांगतो, आपल्या भागासारख्या विषयावर हे जाळं विरळ येतं. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक असलेले, ऑनलाइन असलेले, इंग्रजी लेख त्यात येतात, ऐंशीच्या दशकातलं पुस्तकातलं प्रकरण किंवा सेमिनारचा पेपर बऱ्याचदा नसतोच. त्यामुळं जाळ्यात दिसलं नाही म्हणजे कुणी लिहिलंच नाही असं समजू नका. सिनॉप्सिसमध्ये "या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही" असं वाक्य लई जण टाकतात, ते टाकायच्या आधी दहादा विचार करा.

आता मला जे कळकळीनं सांगायचंय ते. एकाच लेखापासून साखळी सुरू केली की तुम्ही एकाच गोटात फिरत राहता. चळवळीतले आणि चळवळीला जवळचे अभ्यासक एकमेकांचे आधार घेतात, ते साहजिक आहे, त्यांनीच पहिल्यांदा ते लिहून ठेवलंय. पण पाटबंधारे खात्याचा इंजिनियर त्याच येरळेबद्दल लिहितो तेव्हा तो वेगळ्या कागदांवर उभा असतो, कृष्णेच्या पाण्याच्या राज्याराज्यांतल्या वाटपाचा बच्छावत लवादाचा निवाडा, राज्याच्या सिंचनावरचा चितळे आयोगाचा १९९९ चा अहवाल, प्रकल्प अहवाल वगैरे. तुम्ही चळवळीच्या बाजूचा लेख घेऊन कितीही मागंपुढं गेलात तरी त्या कागदांपर्यंत कदाचित कधीच पोचणार नाही. म्हणून सुरुवातीचे लेख दोन तीन घ्या, वेगवेगळ्या गोटांतले. एक चळवळीकडचा, एक सिंचन व्यवस्थापनाकडचा, म्हणजे २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यावर आणि पाणीवापर संस्थांवर जे लिहिलं जातं त्यातला, आणि एक स्त्रिया आणि जमीन-पाण्याचा हक्क या बाजूचा. तिन्ही साखळ्या वेगवेगळ्या चालवा. जिथं दोन साखळ्या एकाच नावावर येऊन मिळतात ते नाव सोडू नका. आणि जिथं मिळतच नाहीत, म्हणजे इंजिनियर आणि बायकांवर लिहिणारे एकमेकांना वाचतच नाहीत असं दिसलं, तर तुमच्या प्रबंधाची जागा बरोबर तिथंच आहे. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे दाखवून दिलं तर त्या प्रकरणाला वजन येतं.

अजून एक गोट सुचवतो, गिरणी संप. बळीराजा धरणामागची मुक्ती संघर्ष चळवळ १९८२ च्या मुंबईतल्या संपात गावाकडं परत आलेल्या खानापूर तालुक्यातल्या गिरणी कामगारांमधनं उभी राहिली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. म्हणजे मुंबईच्या कामगारांवरच्या लिखाणातही तुमचा तालुका भेटणार, आणि तिथं पाणी हा शब्द शीर्षकात असणार नाही. ते फक्त संदर्भांच्या मागानंच सापडतं.

येरळाकाठची

दोघांचे मनापासून आभार. लगेच बसले आणि करून बघितलं, चौकोनावर टिक करून शोधायचं ते तर फारच उपयोगी निघालं, दोन लेख असे मिळाले ज्यांच्या शीर्षकावरून मी ते कधी उघडलेच नसते. गोटांचं म्हणणं पण पटलं, गिरणी संपाची साखळी वेगळी सुरू करतेय.

तीन शंका आहेत. एक, स्कॉलरवर काही नावांच्या आधी कंसात सायटेशन असं येतं आणि नावावर क्लिकच होत नाही, ते काय असतं? दोन, शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांचे प्रबंध ठेवतात त्या वेबसाइटवर, मराठी प्रबंध उघडले, त्यात बळीराजा असा शब्द शोधला तर शून्य दाखवतंय आणि डोळ्यानं बघितलं तर पानावर तो शब्द समोर दिसतोय. तीन, आकडा मोठा असलेला लेख आधी वाचायचा का? काही ठिकाणी सायटेड बाय हजारावर आहे आणि काही ठिकाणी चार.

ग्रंथालय_मिरज

पहिल्या दोन्हीची उत्तरं देते, तिसऱ्याचं कुणीतरी मोठ्या माणसानं द्यावं.

कंसात सायटेशन येतं ते म्हणजे स्कॉलरला ती वस्तू स्वतः ऑनलाइन सापडलेली नाही, दुसऱ्यांच्या संदर्भसूचीत तिचं नाव आलंय म्हणून फक्त तेवढी नोंद आहे. लोक ते सोडून देतात. तुम्ही उलट करा, त्याची वेगळी यादी करा, कारण छापील पुस्तकं, परिषदेतले पेपर, संस्थांचे अहवाल हे सगळं त्यातच असतं आणि ही यादी घेऊन ग्रंथालयात जायचं असतं. कोल्हापूरला विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात विचारा, पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात विचारा, शेतीपाण्यावरचे जुने अहवाल तिथं मिळायची शक्यता चांगली असते. स्कॉलरच्या त्या नोंदीखाली पण सायटेड बाय असतो बरं का, तो उघडून कुणी नाव घेतलंय ते बघा, तो लेख वाचला की मूळ कागदात काय होतं याचा अंदाज येतो.

शोधगंगेचं कारण फाँट. जुने मराठी प्रबंध युनिकोडमध्ये टाइप केलेले नसतात, श्रीलिपी, कृतिदेव असल्या फाँटमधले असतात, पडद्यावर मराठी दिसतं पण आत कॉम्प्युटरला वेगळीच अक्षरं दिसतात. काही तर नुसते स्कॅन आहेत. म्हणून शब्द शोधून मिळत नाही, आणि म्हणूनच कुठल्याही सायटेशन डेटाबेसला मराठी प्रबंधातले संदर्भ वाचता येत नाहीत. इथं हातानंच करायला लागतं. त्यातल्या त्यात बरं असं की शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फाईलींत असतो, संदर्भसूचीची फाईल शेवटी वेगळी असते, तेवढीच उघडायची. आपल्या विद्यापीठाचे समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र, मराठी एवढे विभाग घ्या, सांगली सातारा जिल्ह्यांवरचे, पाणी, दुष्काळ, सहकार, शेतकरी चळवळ असल्या विषयांवरचे प्रबंध निवडा आणि फक्त त्यांच्या सूच्या डोळ्याखालनं घाला. जे मराठी पुस्तक तीन चार सूच्यांत परत परत येतंय ते आपल्या कामाचं. आणि एखाद्या नव्या प्रबंधाच्या सूचीत तुमच्या त्या पुस्तिकेचं नाव दिसलं तर त्या प्रबंधकर्त्यानं अजून काय वापरलंय ते बारकाईनं बघा. पुढं जाण्याचा हाच मराठीतला रस्ता आहे, थोडा वेळ जातो पण जे हाती लागतं ते दुसऱ्या कुणाकडं नसतं.

लेख मिळाला पण पैसे मागतोय असं झालं तर लगेच भरू नका. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, सरकारी विद्यापीठांना त्यातनं बरीच नियतकालिकं मिळतात, विद्यापीठाच्या लॉगिननं बघा. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक जेस्टोरवर आहेत, तिथं स्वतःचं खातं काढलं की महिन्याला ठरावीक लेख ऑनलाइन फुकट वाचता येतात. आणि लेखकाला सरळ मेल करायला लाजू नका, आपल्या भागातली मुलगी आपल्या लेखावर काम करतेय म्हटल्यावर बहुतेक जण आनंदानं पीडीएफ पाठवतात.

माजी_शिक्षक_सातारा

मी इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे, साताऱ्यात असतो. मुलीचा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून लिहितो.

आकड्याबद्दल. आकडा मोठा म्हणजे तो लेख पुष्कळांनी वापरला एवढंच. तो बरोबर आहे, किंवा तुझ्या कामाचा आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. जागतिक पातळीवर पाण्याच्या राजकारणावर लिहिलेल्या लेखाला हजार लोक आधार घेतील आणि खानापूर तालुक्यावरच्या लेखाला चार, कारण खानापूर तालुक्यावर लिहिणारेच तेवढे. तुला ते चार जास्त मोलाचे. हजारवाल्याचं एक दोन वाचून चौकट समजून घ्यावी, आणि त्या चारांचं अक्षर न अक्षर वाचावं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ साली एक तपासणी प्रसिद्ध केली. एका गाजलेल्या शास्त्रीय लेखाचे सुमारे ४३०० उल्लेख त्यांनी घेतले. त्यातल्या १९६ मध्ये खंड, पान, साल यांच्या काही ना काही चुका होत्या. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५ निघाल्या, आणि पान क्रमांकाची एकच चूक ७८ जणांनी जशीच्या तशी केलेली होती. ७८ माणसं आपापली तीच चूक करत नाहीत, एकानं केली आणि बाकीच्यांनी त्याच्या सूचीतून उतरवली. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की आधार देणाऱ्यांपैकी जेमतेम वीस टक्के लोक मूळ लेख वाचतात. तेव्हा साखळीत नाव सापडलं की ते थेट आपल्या सूचीत टाकायचं नाही. मूळ कागद डोळ्यांनी बघायचा. नाहीच मिळाला तर अमक्याच्या लेखात उद्धृत असं स्वच्छ लिहायचं, त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडं एखाद्या गावाचा आकडा, एखाद्या परिषदेची तारीख एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते आणि मुळाशी गेलं की काहीतरी निराळंच निघतं. साखळी मागं मागं नेण्याचा खरा फायदा हाच, नवीन नावं मिळतात ती मिळतातच, पण एखादी गोष्ट पहिल्यांदा कुणी आणि कशाच्या जोरावर म्हटली ते कळतं.

आता तुझ्या भागाबद्दल, हे कुठलंही यंत्र तुला सांगणार नाही. जुनं साहित्य शोधताना आजचा जिल्हा डोक्यातून काढ. सांगली जिल्हा या नावाचा जिल्हा १९६० पर्यंत नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं सांगली झालं. त्याआधी खानापूर तालुका सातारा जिल्ह्यात, म्हणून इंग्रजांच्या काळातलं हवं असेल तर १८८५ चं साताऱ्याचं गॅझेटियर बघावं लागेल. आणि आटपाडी त्यातही नाही, आटपाडी औंध संस्थानात होतं. गावांच्या हाती कारभार द्यायचा औंधचा प्रयोग, तिथली १९३९ ची राज्यघटना, आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत यांवर स्वतंत्र साहित्य आहे आणि त्याची साखळी पार वेगळी चालते, ती गांधीजींच्या आणि ग्रामस्वराज्याच्या अभ्यासाकडं जाते. पाण्याच्या चळवळीवर लिहिणारे तिकडं क्वचितच वळतात. आटपाडीत लोकांनी एकत्र बसून निर्णय घ्यायची सवय कुठून आली असा प्रश्न तुला पडला, तर तिकडं जरूर जा.

मराठीसाठी अजून दोन दारं आहेत. आपल्या वाईला मराठी विश्वकोशाचं काम झालं. विश्वकोशाच्या मोठ्या नोंदींखाली संदर्भ दिलेले असतात आणि नोंद लिहिणाऱ्याचं नाव असतं, आता हे ऑनलाइन आहे. तिथून सुरुवात केली तर त्या विषयावरची जुनी प्रमाण पुस्तकं एका बैठकीत कळतात, आणि नोंदलेखकाच्या नावावरून त्यांची बाकीची पुस्तकं शोधता येतात. दुसरं दार म्हणजे वैचारिक नियतकालिकं, वाईचंच नवभारत, समाज प्रबोधन पत्रिका. ऐंशीच्या दशकात पाणी, दुष्काळ, स्त्रियांचे प्रश्न यांवर तिथं खूप गांभीर्यानं लिहिलं जात होतं. ते लेख स्कॉलरमध्ये शोधत बसू नकोस. नगर वाचनालयात किंवा कॉलेजात बांधीव अंक असतील तर वर्षाच्या शेवटच्या अंकातली सूची बघायची. पण अंक मिळतील तितक्या लवकर बघून घे आणि कामाच्या पानांचे फोटो काढून ठेव. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं, केवढा मोठा संग्रह भिजला. जे आज कपाटात आहे ते उद्या असेलच असं धरून चालू नये.

माणदेशी_वाचक

सगळं वाचलं, खूप छान माहिती आहे. मला फक्त एक म्हणायचंय की संदर्भांच्या मागं लागून कीवर्डनं शोधणं सोडू नका. मागच्या वर्ष-दोन वर्षांत आलेल्या लेखांचा अजून कुणी आधारच घेतलेला नसतो त्यामुळं ते सायटेड बायच्या साखळीतनं दिसत नाहीत. आणि एखाद्या तरुण मुलानं चांगलं काम केलेलं असतं पण कुणी दखल घेतलेली नसते, ते पण असंच राहून जातं. दुष्काळी भागावर काम करणाऱ्या मुलांचं तर हे फार होतं, छोट्या जर्नलमध्ये छापतात आणि तिथंच संपतं. साखळीतनं तुम्हाला नवनवीन शब्द मिळतात, कोण काय शब्द वापरतंय ते कळतं, ते शब्द घेऊन परत कीवर्डनं शोधा, म्हणजे दोन्ही एकमेकाला धरून चालतं.

ताई, एक विचारू का, हे सगळं चालू केल्यावर थांबायचं कधी? माझा मित्र दीड वर्ष नुसते संदर्भच गोळा करायलाय.

कृष्णाकाठ_कराड

भावा बरोबर बोललास, नव्या लेखांचं हे खरंच आहे. त्याला एक उपाय असा की नव्या लेखाला अजून कुणी सायट केलेलं नसलं तरी त्यानं स्वतः जुन्यांना सायट केलेलंच असतं, म्हणजे तुमच्या जुन्या मुख्य लेखाचा सायटेड बाय उघडून तारखेनं लावला, सॉर्ट बाय डेट, की ताजे पुढं येतात. पण ज्यानं आपल्या मुख्य लेखाचं नावच घेतलं नाही तो त्यातूनही सुटतो, तिथं कीवर्डच लागतो.

ग्रंथालय_मिरज

थांबायचं कधी ते सांगते. नवीन लेख उघडला आणि त्याच्या सूचीतली बहुतेक कामाची नावं आधीच आपल्याकडं आहेत असं सलग व्हायला लागलं की त्या साखळीपुरतं थांबायचं. सगळ्या साखळ्या एकदम संपत नाहीत. चळवळीची आधी भरेल, गिरणी संपाची उशिरा, औंधची तर कदाचित तुम्हाला अर्ध्यावरच सोडून द्यावी लागेल कारण ती विषयाबाहेर जाते. म्हणून प्रत्येक साखळीवर आधीच लिहून ठेवा की मला यातनं काय हवंय. उदाहरणार्थ गिरणी संपाच्या साहित्यातनं मला फक्त गावी परतलेल्या कामगारांबद्दलचं हवंय, बाकी संपाचं राजकारण नको. मग त्यातल्या पुस्तकांचं एखादंच प्रकरण वाचून पुढं जाता येतं.

आणि नोंद ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. झोटेरो मोफत आहे, ब्राउझरमधनं एका क्लिकला नोंद घेतं, मराठी पुस्तकं हातानं भरावी लागतात पण भरता येतात. त्यात प्रत्येक नोंदीला तीन गोष्टी लिहा. हे नाव कुणाच्या लेखातनं मिळालं, कितव्या पानावर, आणि मूळ स्वतः बघितलं का नाही. सरांनी वर सांगितलं त्यासाठी ती तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, न बघितलेल्यांना वेगळा टॅग लावा. प्रबंध लिहून झाला की तो टॅग उघडायचा, त्यात जी नावं उरली असतील ती एकतर मिळवून वाचायची, नाहीतर उद्धृत म्हणून लिहायची, नाहीतर काढून टाकायची.

ताई, क्लिक न होणाऱ्या नावांची यादी तयार झाली की इथं टाका. त्यातलं आमच्याकडं काय आहे ते मी बघते, कराडचं कृष्णाकाठ बघतील, आणि साताऱ्याचं सर सांगतील. कोल्हापूरला जायच्या आधी निम्मी तरी नावं इथंच निकालात निघतील.

येरळाकाठची

टाकते. पहिली यादी चळवळीच्या साखळीची करतेय, ती इंग्रजी मराठी वेगवेगळी करून देते म्हणजे शोधायला सोपं जाईल. सर, नवभारतचे ऐंशीच्या दशकातले बांधीव अंक साताऱ्यात कुठं बघायला मिळतील तेवढं सांगाल का, मी विट्याहून सकाळच्या गाडीनं येऊन दिवसभर बसू शकते.

माजी_शिक्षक_सातारा

ये की. आधी नगर वाचनालयात चौकशी करू, मी उद्या जाऊन कुठली वर्षं आहेत ते बघून इथं लिहितो. तिथं जी वर्षं नसतील ती वाईला प्राज्ञपाठशाळेत विचारू, अंक त्यांचाच आहे. येताना तुझ्या त्या इंग्रजी लेखाची प्रत आण आणि त्यातल्या मराठी तळटिपांवर खूण करून ठेव. रोमन लिपीत लिहिलेली मराठी शीर्षकं ओळखायला वेळ जातो, ती आपण दोघं बसून आधी देवनागरीत उतरवून घेऊ आणि मग कपाटं उघडू.